बिबळ्या कडवा आणि छोटा चांदवा

फाल्गुन सरत असता सातवीच्या विद्यार्थ्यांसह आम्ही वसतिगृहामागील माळावर फुलपाखरांच्या शोधास निघालो. राणी पाकोळी दिसेल अशी बहुतेकांची आशा होती. २०१५ साली महाराष्ट्राने तिला राज्य फुलपाखराचा मान दिला आहे. परंतु ती दाट, ओलसर झाडीत रमणारी. आमच्या कोरड्या माळावर होती ती रुई, आणि रुईवर बिबळ्या कडवा.

पकडावयाचे नाही, केवळ छायाचित्र घ्यावयाचे, हा नियम होता. सकाळी फुलपाखरू उन्हात पंख पसरून अंग तापविते. तीच वेळ साधावी. आपली सावली त्याच्यावर पडली की ते उडते, म्हणून सूर्य अगदी पाठीशी नसावा. (हे मुलांना सांगावे लागले नाही, दोन-तीन फुलपाखरे उडाल्यावर ती आपणच बाजूने सरकू लागली.)

परतल्यावर छायाचित्रे पाहताना एका विद्यार्थिनीने हरकत घेतली. नारिंगी पंखांची दोन फुलपाखरे आम्ही एकाच नावाखाली नोंदविली होती. एकाच्या मागील पंखावर तीन काळे ठिपके होते, दुसऱ्याच्या एकच. तिचे म्हणणे खरे होते. दुसरी होती छोट्या चांदव्याची मादी. कडव्याची अळी रुईची पाने खाते, त्या चिकातील विष अंगात साठविते; एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेस जात नाही. चांदव्याच्या अंगी असे विष नाही, म्हणून मादीने कडव्याचा वेष घेतला आहे. तिचा नर मात्र काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. इतिहासाच्या तासाला साधनांची चिकित्सा शिकविताना आम्हांस याहून चांगले उदाहरण सापडले नव्हते.

त्याच आठवड्यात समारंभासाठी कुंपणाकडेचे 'रान' काढण्याचे ठरले होते. मुलांनी रुईच्या पानावरील अळीचे छायाचित्र व्यवस्थापनापुढे ठेवले : पांढरे-काळे-पिवळे पट्टे, अंगावर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या. झुडूप गेले तर कडवा जाईल, एवढेच त्यांनी सांगितले. चर्चा बरीच झाली. शोभेचा प्रश्न काहींना मोठा वाटला. अखेर पूर्वेकडील पट्टा राखण्यात आला.

समारंभास येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी तो अवश्य पाहावा. पाने तोडू नयेत. अलगद उलटून पाहिल्यास खालच्या बाजूस एकेकटे घातलेले फिकट अंडे दिसते.