अकस्मात आलेले आजारपणाचे बिल

शास्त्रवाचन : मार्क ५:२५-३४, लूक १०:३०-३७, उपदेशक ९:११



अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही शिकवण आपल्याला घरोघरी मिळाली आहे. जमाखर्च लिहावा, उधारी टाळावी, दर महिन्याला थोडे शिल्लक टाकावे, असे आपण मुलांनाही सांगतो. हे योग्यच आहे. परंतु यातूनच आपण नकळत एक चुकीचा निष्कर्ष काढतो : ज्याचे घर कर्जात बुडाले, त्याच्या हातून काहीतरी निष्काळजीपणा झालाच असावा. आजच्या पाठात या निष्कर्षाचा विचार करू.

१. सर्वस्व खर्च झालेली स्त्री

मार्काच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री आपल्याला भेटते. मार्क तिचे नाव सांगत नाही, पण तिचा जमाखर्च सांगतो. अनेक वैद्य झाले, जवळचे सर्व धन संपले आणि दुखणे मात्र वाढतच गेले. तिने पैसा उधळला होता असे कोठेही म्हटलेले नाही. जो खर्च टाळता येत नाही, त्या खर्चाने ती निर्धन झाली. प्रभूने तिच्याकडे त्या पैशाचा हिशेब मागितला नाही. तिला शांतीने घरी पाठवले.

आजही अनेक घरांची हीच कथा आहे. अनिरुद्ध कृष्णा या अभ्यासकांनी राजस्थान, गुजरात, आंध्र प्रदेश, तसेच केनिया, युगांडा आणि पेरू येथील हजारो कुटुंबांची माहिती गोळा करून २०१० साली ‘वन इलनेस अवे’ हे पुस्तक लिहिले. बरी स्थिती असलेली कुटुंबे गरिबीत का घसरतात, याचे सर्वांत मोठे कारण त्यांना आजारपण व त्यावरील खर्च हेच आढळले. आपल्या देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी कुटुंबांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता. २०२१-२२ साली तो ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा मोठी आहे. तरी त्या वर्षीही शंभरातले सुमारे चाळीस रुपये घरातूनच गेले.

२. नशीब की दोष?

अशा वेळी कोणी “नशीब फुटके” म्हणतो, तर कोणी आजाऱ्याचे पाप शोधू लागतो. उपदेशक सांगतो की, वेगवान माणसाची शर्यतीत सरशी होईलच किंवा शहाण्याला भाकर मिळेलच असे नाही. बरीवाईट वेळ सर्वांवरच येते. शिलोहाच्या बुरुजाखाली सापडलेले अठरा जण इतरांहून अधिक पापी होते काय, असा प्रश्न प्रभूने विचारला (लूक १३:४), आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असेच दिले.

आपण दैवाला देव मानत नाही. तरीही कोणाच्या घरी कोणते दुखणे येईल, हे कर्तृत्वावर ठरत नाही, हे मान्य केले पाहिजे. यातून दोन गोष्टी शिकाव्यात. आजाराने कर्जबाजारी झालेल्याला दोष देऊ नये; आणि ज्याच्या घरी वीस वर्षांत एकही मोठी शस्त्रक्रिया झाली नाही, त्याने आपली शिल्लक केवळ स्वतःच्या काटकसरीचे फळ समजू नये (अनुवाद ८:१७-१८).

३. एकट्याची बचत आणि सर्वांची बचत

समजा, एका मंडळीत शंभर कुटुंबे आहेत आणि दर वर्षी त्यांपैकी दोन कुटुंबांवर प्रत्येकी ३ लाख रुपयांचे बिल येते. ती दोन कोणती, हे आधी कोणालाच ठाऊक नसते. एका कुटुंबाने वर्षाला ६,००० रुपये साठवले, तर व्याज सोडून ३ लाख जमण्यास ५० वर्षे लागतील. आजार मात्र पुढच्या महिन्यातही येऊ शकतो. तेच ६,००० रुपये शंभर कुटुंबांनी एकत्र केले, तर पहिल्याच वर्षी ६ लाख जमतात आणि दोन्ही बिले भागतात. मग उरलेल्या ९८ कुटुंबांचे पैसे वाया गेले काय? नाही. त्यांनी एकमेकांचे ओझे वाहिले (गलती ६:२). आरोग्यविम्याचे मूळ तत्त्व हेच आहे.

४. आपण काय करावे?

(अ) निदान काही महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम बँकेत वेगळी ठेवावी. विमा असला तरी प्रवास, बाहेरून आणलेली औषधे आणि बुडालेली मजुरी यांचा भार घरावरच पडतो.

(आ) विमा प्रकृती चांगली असतानाच घ्यावा व आधीचे आजार लपवू नयेत. २०२४ च्या नियमांनुसार अशा आजारांसाठी प्रतीक्षेचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षे आहे.

(इ) २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात. २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील वृद्धांना उत्पन्नाची अट नाही. आपले कार्ड आजच काढून ठेवावे. नुसती तपासणी व रोजची औषधे मात्र या योजनेत बसत नाहीत.

(ई) मंडळीने वैद्यकीय मदतनिधी ठेवावा. तो देताना घेणाऱ्याचे नाव चारचौघांत वाचून दाखवू नये.

५. शोमरोन्याचे वचन

दयाळू शोमरोन्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. परंतु त्याहून मोठे होते ते त्याचे वचन : अधिक खर्च झाल्यास परतल्यावर तोही भरून देईन. ती रक्कम किती होईल, हे त्याला ठाऊक नव्हते. “तू या वाटेने एकटा का निघालास?” असेही त्याने जखमी माणसाला विचारले नाही. आपल्या शेजाऱ्याच्या घरी बिल येईल तेव्हा आपण प्रश्न विचारणार की वचन देणार?

चर्चेसाठी प्रश्न

१. आजारामुळे कर्जात गेलेल्या कुटुंबाविषयी आपण कसे बोलतो?
२. आपल्या घरातील प्रत्येक व्यक्तीसाठी कोणते संरक्षण आहे? कागदपत्रे कोठे आहेत?
३. आपल्या मंडळीत रात्री अडीअडचणीला मदतीसाठी कोणाकडे जावे, हे सर्वांना माहीत आहे काय?