किताबू, विताबू आणि आपला बटाटा : झांझिबारमधील एक भाषापाठ

मराठीत परके शब्द वाढले म्हणजे भाषा बुडाली, असे आपल्या शिक्षकवर्गात सहज बोलले जाते. टांझानियातील झांझिबार बेटावर हिंडताना मला हे विधान पुन्हा तपासून पाहावेसे वाटले.

‘स्वाहिली’ हे नावच अरबी ‘साहिल’ म्हणजे किनारा या शब्दावरून आलेले. भाषेचा सांगाडा बांटू कुळातला. शब्दसंग्रहात मात्र हिंदी महासागराच्या साऱ्या व्यापाराची नोंद. दराजानी बाजारात दुका, साबुनी, हेसाबू हे शब्द ऐकले की दुकान, साबण, हिशेब आपसूक ओळखू येतात. ‘गारी’ आणि ‘लाकी’ हे तर आपल्याकडून गेलेले गाडी आणि लाख.

गोव्याच्या वाचकाला दोन शब्द विशेष जवळचे वाटतील. पेरूला तिथे ‘पेरा’ म्हणतात. पोर्तुगीजांत ‘पेरा’ म्हणजे नासपती. अमेरिकेतून आलेल्या नव्या फळाला तेच नाव दोन्ही किनाऱ्यांवर चिकटले. दुसरा शब्द ‘गेरेझा’. आपली ‘इगर्ज’ आणि हा शब्द, दोन्ही पोर्तुगीज ‘इग्रेजा’पासून आले असे मानतात, पण स्वाहिलीत त्याचा अर्थ तुरुंग! झांझिबारचा जुना किल्ला पाहिला की या अर्थांतराचे नवल वाटत नाही. पोर्तुगीज प्रार्थनागृहाच्या जागी ओमानी अरबांनी तो बांधला आणि १९व्या शतकात त्यात कैदीही ठेवले जात.

खरा धडा पुढेच आहे. स्वाहिलीत ‘किसू’ म्हणजे सुरी, अनेकवचन ‘विसू’. अरबी ‘किताब’ आला तेव्हा त्यातला मूळचा ‘कि’ भाषेने आपलाच उपसर्ग मानला आणि अनेकवचन केले ‘विताबू’. आपण ‘बटाटा’चे हेच केले. पोर्तुगीजांत तो स्त्रीलिंगी. मराठीने त्याच्या शेवटचा ‘आ’ पाहून त्याला पुल्लिंगी ठरवले आणि ‘बटाटे’, ‘बटाट्याला’ अशी रूपे दिली. शब्द कुठलाही असो, व्याकरण आपले चालते तोवर भाषा धडधाकट आहे.

मग चिंता कशाची करायची? टांझानियात १९६७ पासून प्राथमिक शिक्षणाचे माध्यम स्वाहिली झाले. राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी स्वतः शेक्सपिअरची ‘ज्युलियस सीझर’ आणि ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ ही नाटके स्वाहिलीत आणली. तरीही माध्यमिक शाळेत पाऊल टाकताच मुलांपुढे मुख्यतः इंग्रजी येते. बाजारात आणि संसदेत समर्थ असलेली भाषा विज्ञानाच्या वर्गाबाहेर थांबते. आपल्या सीमाभागातील आणि गोव्यातील मराठीला धोका आहे तो अशा बंद होणाऱ्या दारांचा.

विद्यार्थ्यांकडून एक अभ्यास जरूर करून घ्यावा. रोजच्या बोलण्यातले दहा परके शब्द घेऊन प्रत्येकाचे लिंग, अनेकवचन आणि सामान्यरूप लिहावे. मग त्यांतलेच शब्द वापरून विज्ञानाचा एक परिच्छेद मराठीत लिहावा. पहिला भाग बहुतेकांना सहज जमेल. दुसऱ्यात पेन जिथे अडेल, तिथून आपले काम सुरू होते.