बंधपत्राच्या वर्षात बदली मागायची कशी?

वाचकांचे प्रश्न : कायदा आणि पैसा

प्रश्न : मी ठाण्यात मानपाड्याला, घोडबंदर रोडलगत राहते. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालं, इंटर्नशिपही संपली. बॉण्डच्या एक वर्षाच्या सेवेसाठी नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात माझी नेमणूक झाली आहे. वडील नाहीत, मी एकुलती एक. आईचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं आणि तिला नेणं-आणणं माझ्याकडेच आहे. गावात काम करायला माझी ना नाही, पण ठाणे किंवा पालघर जिल्ह्यात जागा मिळावी. मामा म्हणतात, रुजूच होऊ नकोस, एकदा गेलीस की कोणी हलवत नाही. ओळखीचे एक गृहस्थ आमदारांचं पत्र आणून देतो म्हणतात. मैत्रीण म्हणते, दहा लाख भर आणि मोकळी हो. मला बदली मागण्याचा हक्क आहे का?

उत्तर : डॉक्टर, बदली मागण्याचा हक्क तुम्हाला आहे, ती मिळण्याचा नाही. मात्र तुमच्या अर्जाचा विचार होणे हा तुमचा हक्क आहे आणि तुमच्या अर्जात दम आहे.

आधी बॉण्डविषयी. राज्याच्या शासकीय महाविद्यालयात सवलतीच्या शुल्कात शिकलेल्या एमबीबीएस डॉक्टरने एक वर्ष सरकार सांगेल तिथे सेवा द्यायची, असा हा करार आहे. तो मोडला तर 10 लाख रुपये दंड. पदव्युत्तर पदवीला 50 लाख, अतिविशेष पदवीला 2 कोटी. असे करार घटनाबाह्य आहेत म्हणून देशभरातले डॉक्टर सर्वोच्च न्यायालयात गेले होते. न्यायालयाने 19 ऑगस्ट 2019 रोजी राज्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यामुळे 'ही सक्तीच बेकायदा आहे' या मुद्द्यावर आता वेळ आणि वकिलाची फी घालवू नका. भांडण सेवेशी नाही, जागेपुरते आहे, हे तुमच्या प्रत्येक कागदातून दिसले पाहिजे.

मामांचा सल्ला मानू नका. रुजू व्हायची मुदत नेमणुकीच्या आदेशातच लिहिलेली असते. ती चुकली तर तुम्ही गैरहजर, आणि गैरहजर माणसाच्या विनंतीला कार्यालयात वजन नसते. शिवाय तुमचे वर्ष रुजू झाल्या दिवसापासून मोजले जाते. घरी बसून काढलेला महिना कुठेच धरला जात नाही. बदलीचा अर्ज आजच द्या, पण उत्तराची वाट पाहत मुदत ओलांडू नका. आईच्या सोयीसाठी आठ-पंधरा दिवस हवे असतील तर मुदत संपण्याआधी लेखी मुदतवाढ मागा. रुजू झालात की रुजू अहवालाची सही-शिक्क्याची प्रत स्वतःजवळ ठेवा.

दंड भरून सुटण्याच्या वाटेआधी दोन गोष्टी पाहा. बॉण्डच्या अटी प्रवेशवर्षागणिक बदलत आल्या आहेत. तेव्हा दंड भरून मोकळे होण्याची मुभा तुमच्या तुकडीला आहे का, हे सही केलेल्या बंधपत्राच्या प्रतीत वाचा. मैत्रिणीच्या तुकडीचा नियम तुम्हाला लागू असेलच असे नाही. दुसरी गोष्ट पैशाची. 10 लाखांचे कर्ज 11 टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे 21,700 रुपये पडतो आणि एकूण 13 लाखांच्या वर भरावे लागतात. त्यात बॉण्डच्या वर्षाचे मानधनही हातचे जाते. ज्या घरात डायलिसिस चालू आहे, तिथे हा खड्डा मोठा आहे.

आमदारांचे पत्र तर जोडूच नका. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 प्रमाणे सेवेतल्या कामासाठी वरिष्ठांवर बाहेरून दबाव आणणे हा गैरवर्तनाचा भाग ठरतो. तुमची अडचण खरी आहे. तिच्याबरोबर शिफारस आली की वाचणाऱ्याला आधी शिफारस दिसते.

आता अर्ज. नेमणुकीच्या आदेशावर ज्यांची सही आहे, त्यांच्याच नावे तो करा. रुजू झाल्यावर द्यायचा तर योग्य मार्गाने, म्हणजे तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्यामार्फत पाठवा आणि एक आगाऊ प्रत थेट वर द्या. मजकूर एका पानात बसवा. साधारण असा :

'विषय : बंधपत्रित सेवेतील पदस्थापनेत बदल मिळणेबाबत. संदर्भ : आपला आदेश क्रमांक व दिनांक. महोदय, उपरोक्त आदेशानुसार मी अमुक दिनांकास अमुक प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले आहे. माझ्या आईचे मूत्रपिंडाच्या विकारामुळे आठवड्यातून तीन वेळा ठाणे येथे डायलिसिस सुरू आहे. वडील हयात नसून मी त्यांचे एकमेव अपत्य आहे. तरी उर्वरित कालावधीसाठी माझी पदस्थापना शहापूर, मुरबाड किंवा वाडा तालुक्यातील रिक्त पदावर करावी, ही विनंती. पर्यायी वैद्यकीय अधिकारी रुजू होईपर्यंत मी येथील काम पाहीन.'

यात तालुक्यांची नावे मुद्दाम घातली आहेत. 'ठाणे शहरात द्या' असे लिहिले की अर्ज सोयीचा वाटतो. शहापूर आणि मुरबाड ठाणे जिल्ह्यात, वाडा पालघरमध्ये. तिथेही आदिवासी पाडे आहेत आणि डॉक्टरांची गरज आहे. शहापूरला आसनगाव स्टेशनवरून जाता येते, म्हणजे अडीअडचणीला लोकलने घर गाठता येते. पण वैद्यकीय अधिकाऱ्याने मुख्यालयी राहणे अपेक्षित असते, हे विसरू नका. शहापूर मिळाले तरी रोज मानपाड्याहून ये-जा करता येईल असे धरून चालू नका. डायलिसिसच्या दिवसांची सोय सहकाऱ्याशी पाळ्या वाटून घेऊन करावी लागेल.

अर्जासोबत जोडायचे कागद : उपचार करणाऱ्या नेफ्रॉलॉजिस्टचे सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र, डायलिसिस केंद्राच्या मागच्या तीन महिन्यांच्या नोंदी, वडिलांचा मृत्यू दाखला, शिधापत्रिका आणि आईचा राहण्याचा पुरावा. प्रमाणपत्र खासगी डॉक्टरांचे असेल तर जिल्हा शल्य चिकित्सकांकडून ते प्रमाणित करून घेता येते का, हे सिव्हिल रुग्णालयात विचारा. फाईल तपासणाऱ्याला त्या शिक्क्याचा भरवसा वाटतो.

कार्यालयातून एक प्रश्न येईल, त्याचे उत्तर अर्जातच द्या. 'डायलिसिस जिल्हा रुग्णालयातही होते, महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही बसते; आईला नंदुरबारला न्या' असे म्हटले जाईल. बोलणे चुकीचे नाही. पण तुमचे केंद्र सातपुड्याच्या डोंगरात आहे आणि नंदुरबार घाटाखाली. चांदसैली घाटातून आठवड्यात तीनदा रुग्णाला न्यायचे म्हणजे काय, हे दोन ओळींत लिहा. ठाण्यातले उपचार कधीपासून सुरू आहेत आणि ते का तोडता येत नाहीत, हे डॉक्टरांच्याच शब्दांत येऊ द्या.

कोणत्या केंद्रात जागा रिकामी आहे, हे माहीत असेल तर अर्जाचे वजन दुप्पट होते. ठाणे आणि पालघर जिल्हा परिषदेच्या जनमाहिती अधिकाऱ्यांकडे माहिती अधिकारात वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या रिक्त पदांची केंद्रनिहाय यादी मागा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. नंदुरबारकडचा एखादा बंधपत्रित डॉक्टर ठाण्यात नेमला गेला असेल तर दोघांनी मिळून आपसी बदलीचा अर्ज करा. त्यात कोणाचीच जागा रिकामी पडत नाही. बदलीला वेळ लागणार असेल, तर तोवर तात्पुरती प्रतिनियुक्ती द्यावी, असा पर्यायही शेवटी मांडा.

अर्जाला उत्तरच येत नसेल, तर 2005 चा बदल्यांचा आणि दिरंगाईचा कायदा हाताशी आहे. कोणत्याही कर्मचाऱ्याने आपल्याकडची फाईल सर्वसाधारणपणे सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त काळ अडवून ठेवू नये, असे त्याचे कलम 10 सांगते. स्मरणपत्रात या कलमाचा उल्लेख करा आणि अर्ज सध्या कोणाच्या टेबलावर आहे, हे माहिती अधिकारात विचारा. पण याच कायद्यातली तीन वर्षांच्या कार्यकाळाची आणि एप्रिल-मेमधल्या बदल्यांची तरतूद नियमित कर्मचाऱ्यांसाठी आहे. एक वर्षाच्या बंधपत्रित नेमणुकीत तिच्यावर भिस्त ठेवू नका.

आदिवासी आणि डोंगरी भागात साधारण 20,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. धडगावच्या डोंगरातले पाडे विखुरलेले आहेत. नर्मदाकाठच्या काही गावांना तर आरोग्यसेवा बोटीने पोचवावी लागते. तुम्ही तिथून निघालात आणि मागे कोणी आले नाही, तर बाळंतपणासाठी डोंगर उतरून आलेल्या बाईला दार बंद मिळेल. म्हणून 'पर्यायी अधिकारी येईपर्यंत काम पाहीन' हे वाक्य मनापासून लिहा आणि पाळा.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीच्या मानपाड्याचे. मुलगा मेळघाटात, धारणी तालुक्यात बंधपत्रित सेवेत आहे. त्याची मुरबाडला बदली मंजूर झाली, आदेशही आला, पण तिथले अधिकारी सोडत नाहीत. तो आदेश दाखवून थेट मुरबाडला हजर झाला तर चालेल का? आधीचे महिने धरले जातील ना?

उत्तर : थेट हजर होऊ देऊ नका. बदलीचा आदेश आणि कार्यमुक्तीचा आदेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्यमुक्त न होता मुख्यालय सोडले तर ती गैरहजेरी ठरते आणि सेवेत खंड पडतो.

मुलाने लेखी अर्ज करून कार्यमुक्तीची तारीख मागावी आणि बदलीच्या आदेशाची प्रत जोडावी. बदली आदेशात 'पर्यायी अधिकारी रुजू झाल्यावर कार्यमुक्त करावे' अशी अट आहे का, ते आधी वाचा. तशी अट असेल तर जिल्हा आरोग्य अधिकारी त्याला थांबवून ठेवू शकतात. मग ज्यांनी बदली दिली त्यांच्याकडेच पर्यायी नेमणुकीचा पाठपुरावा करावा लागेल. अट नसेल तर अर्जात तेच दाखवून द्या.

निघताना चार कागद हातात असू द्या : कार्यमुक्तीचा आदेश, कार्यभार सोपवल्याचा अहवाल, अंतिम वेतन प्रमाणपत्र आणि 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत बंधपत्रित सेवा केली' असा दाखला. शेवटचा दाखला सर्वांत महत्त्वाचा. वर्ष संपल्यावर बंधपत्र पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र मागाल, तेव्हा दोन्ही जिल्ह्यांतले दिवस जोडून दाखवावे लागतील, आणि तोवर धारणीतले अधिकारी बदललेले असू शकतात. बिनपगारी रजा किती झाली, ती नियमित केली का, हेही त्यात लिहून घ्या.

आणखी एक, तुमच्या पत्त्यासाठी. एक मानपाडा घोडबंदर रोडवर, ठाणे तालुक्यात. दुसरा डोंबिवली पूर्वेला, कल्याण तालुक्यात. जिल्हा एकच असल्याने नुसते 'मानपाडा, जिल्हा ठाणे' लिहिले की टपाल भलतीकडे जाऊ शकते. प्रत्येक अर्जावर डोंबिवली पूर्व, तालुका कल्याण आणि पिनकोड लिहा.

प्रश्न : माझी बॉण्डची नेमणूक गडचिरोली जिल्ह्यात आहे आणि पुढच्या महिन्यात लग्न आहे. नवरा ठाण्यात नोकरी करतो. पती-पत्नी एकत्रीकरणाच्या धोरणावर बदली मिळेल का?

उत्तर : या एकाच कारणावर विसंबू नका. 1993 मधले एस. एल. अब्बास यांचे प्रकरण पाहा. शिलाँगला केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्या अब्बास यांची बदली पौडीला झाली. पत्नीही शिलाँगला केंद्राच्याच कार्यालयात, मुलांची शाळा तिथली, स्वतःच्या पाठीच्या कण्याला पूर्वी दुखापत झालेली. तरीही सर्वोच्च न्यायालयाने बदली कायम ठेवली. पती-पत्नीला शक्यतो एका ठिकाणी ठेवावे हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यातून कोर्टात बजावता येईल असा हक्क मिळत नाही, असे न्यायालय म्हणाले. पण कर्मचाऱ्याने निवेदन दिले तर प्रशासनाची गरज लक्षात घेऊन सक्षम अधिकाऱ्याने त्याचा विचार केलाच पाहिजे, हेही त्याच निकालात आहे. तुमचा आधार हे दुसरे वाक्य. तुमच्या पतीची नोकरी खासगी असेल तर एकत्रीकरणाचा मुद्दा आणखी दुबळा होतो, कारण हे धोरण मुख्यतः दोघेही सरकारी सेवेत असलेल्यांसाठी आहे.

लग्न हे कारण जगभर मांडले जाते. नायजेरियात 1973 पासून पदवीधरांना एक वर्षाची राष्ट्रीय युवा सेवा सक्तीची आहे. तिथेही दुसऱ्या राज्यात बदली मागताना प्रकृती, विवाह आणि सुरक्षितता हीच कारणे पुढे येतात, आणि तिथेही कागद लागतो. तुम्हीही लग्न झाल्याबरोबर महापालिकेत 1998 च्या कायद्याखाली विवाह नोंदणी करा. पत्रिका किंवा फोटो जोडून भागत नाही. पतीच्या कंपनीचे नोकरीचे पत्र जोडा. लग्नासाठी रजा मंजूर करून घ्या. न सांगता राहिलेले आठ दिवस पुढे बंधपत्राच्या हिशेबात अडतात.

प्रकृतीचे किंवा आई-वडिलांच्या आजारपणाचे कारणही असेल तर ते आधी लिहा, लग्न नंतर. नकार आला तर कारणांसह लेखी मागा. त्यानंतरच महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचा किंवा उच्च न्यायालयाचा विचार वकिलाशी बोलून करा. नियमाचा भंग किंवा आकस असल्याशिवाय न्यायालये बदलीत हात घालत नाहीत, हे 1991 च्या शिल्पी बोस निकालापासून ठरलेले आहे. एका वर्षाच्या सेवेत खटल्याची तारीख लागेपर्यंत अर्धे वर्ष सरू शकते. तुमचा खरा निर्णय न्यायालयात होणार नाही. तो आरोग्य खात्याच्या टेबलावर, तुमच्या एका पानाच्या अर्जावर होणार आहे. त्या पानावर मेहनत घ्या.