औषधांची बिलं परत येतात तेव्हा

प्रश्न: हैदराबादेत कोठीला माझं औषधांचं दुकान आहे. रुग्णालयातून घरी आलेल्यांची औषधांची बिलं विमा कंपन्या नाकारतात. मी काय करू?

उत्तर: घरी आल्यावरचा औषधखर्च बहुतेक पॉलिसींत ठरावीक दिवसच, बरेचदा ६० दिवस मिळतो, तोही ज्या आजारासाठी दाखल केलं, त्याचाच. म्हणून मधुमेहाच्या जुन्या गोळ्यांचं बिल वेगळं करा. बिलावर रुग्णाचं, डॉक्टरांचं नाव, बॅच नंबर हवाच. नुसत्या कच्च्या चिठ्ठीवर दावा कसा टिकणार? ब्रँड बदलायचा तर आधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. तरीही नकार आलाच, तर रुग्णाने कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत दाद मिळाली नाही, तर विमा लोकपालांचं कार्यालय हैदराबादेतच आहे. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.