जुनी विहीर, नवी लाइन



उत्पत्तीच्या 26 व्या अध्यायात इसहाक एक साधे काम करतो. अब्राहामाच्या वेळच्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या आणि बापाने दिलेलीच नावे त्यांना ठेवली. उपदेशात आपण हा भाग सहसा घाईने ओलांडतो. यंदा जव्हार तालुक्यातील एका पाड्यावर पाण्याच्या लाइनचे काम करताना मला तो वारंवार आठवला, म्हणून या अंकातील पाठ त्यावर.

पाड्यावर विहीर आहे. तिचे पाणी पंपाने टेकाडावरच्या टाकीत चढते आणि तिथून उताराने तीन कुटुंबांच्या शेतांत येते. पण भात कापल्यावर शेवटच्या शेतात धड धार येत नसे. दुसरे पीक नाही, म्हणून दिवाळी झाली की त्या घरची माणसे वीटभट्टीवर जात, आणि लेकरे शाळा सोडून त्यांच्याबरोबर. वरची दोन घरे रात्री पाणी वळवतात असा संशय होता. बोलणे जवळपास बंद होते. तिघेही एकाच मंडळीचे, हे सांगायला नको.

काही हितचिंतकांनी नवी बोअर सुचवली. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण बोअरवर पाटी लावता येते, जमिनीखालच्या पाइपावर येत नाही, हेही आपण मनात ओळखून असावे.

आधी आम्ही मोजले. संध्याकाळी टाकी भरली, तिन्ही शेतांचे नळ बंद केले आणि पाण्याच्या पातळीवर खडूने खूण केली. टाकीचा तळ दोन मीटर बाय अडीच मीटर. सकाळी पाणी वीस सेंटिमीटर उतरलेले, म्हणजे हजार लिटर गेले. दुसऱ्या रात्री टाकीच्या तोंडाचाच व्हॉल्व्ह बंद ठेवला, तेव्हा खूण जिथल्या तिथे राहिली. टाकी शाबूत होती, गळत होती ती लाइन. तिन्ही घरचे कर्ते पुरुष त्या सकाळी टाकीपाशी उभे होते. चोर सापडला होता आणि तो कोणाच्या घरचा नव्हता. मला वाटते, पाइप बदलण्याआधीच निम्मे काम तिथे झाले.

जुना लोखंडी पाइप उकरला तर सांध्यांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आणि आत गंजाचे थर. आतला व्यास निम्मा झाला की तेवढेच पाणी नेताना घर्षणात जाणारा दाब सुमारे तीस पट होतो. नुसते सांधे बांधून भागणार नव्हते.

नवा पाइप 63 मिलिमीटरचा, काळा एचडीपीई. तो वेटोळ्यात येतो, म्हणून सांधे कमी. पांढरा पीव्हीसी उघड्यावर उन्हाने ठिसूळ होतो, आणि आमच्याकडे राब भाजतात, त्यात वरचा कोणताही प्लास्टिक पाइप वितळतो. म्हणून दोन फूट चर. तो तिन्ही घरांनी खणला, देणगीतून फक्त सामान आले. एचडीपीई उन्हात लांबतो आणि गारव्यात आखडतो, त्यामुळे तो चरात थोडा नागमोडी टाकला आणि सांधे सकाळच्या गारव्यात जोडले. सांधे उघडे ठेवून मधल्या पाइपावर माती ओढली, एक दिवस पाणी चालवले आणि मगच चर बुजवला. ही एक दिवसाची कळ सोसावी. बुजवलेला चर पुन्हा उकरायला कोणी येत नाही.

ठिबक त्यानंतर. शेवटच्या शेतात मोगऱ्याची अडीचशे रोपे आहेत. दर रोपाला ताशी चार लिटरचा ड्रिपर, म्हणजे तासाला हजार लिटर. एका रात्रीत गळत होते तेवढेच. टाकी शेतापेक्षा सुमारे दहा मीटर उंच आहे, त्यातून एक किलोच्या आसपास दाब मिळतो, म्हणून शेतात वेगळा पंप लागला नाही. फिल्टरची जाळी रोज धुवायची आणि आठवड्यातून एकदा लॅटरलची टोके उघडून गाळ सोडायचा. हे काम त्या घरच्या मुलीने घेतले आहे. ती यंदा शाळेत आहे. ठिबक संचाला केंद्राच्या योजनेत अल्पभूधारकाला 55 टक्के अनुदान आहे. सातबारा नावावर असेल त्याने आधी तो अर्ज करावा, देणगीचा पैसा मग लाइनला उरतो.

इसहाकाच्या माणसांशी गरारच्या गुराख्यांनी दोन विहिरींवरून भांडण केले. त्याने त्या सोडल्या, पुढे जाऊन तिसरी खणली आणि तिला रहोबोथ, म्हणजे मोकळी जागा, असे नाव दिले. आमच्या तीन कुटुंबांना पुढे जायला जागा नाही. एकर-दीड एकर आहे ते तिथेच. त्यांना रहोबोथ त्याच विहिरीवर शोधावे लागते. बैठकीत बराच वेळ गेला, पण ठरले ते असे: पहिली पाळी शेवटच्या शेताची, मग मधल्याची, मग वरच्याची. सूचना वरच्या घरच्या आजीने केली. टाकीजवळच्या शेताला उरलेसुरले पाणीही पोहोचते, हे तिचे म्हणणे.

मधल्या शेताचे ठिबक अजून व्हायचे आहे. पावसाच्या आधी लॅटरल गुंडाळून पडवीत टांगायचे आहेत, उंदरांपासून वर.