पहिल्या पाण्यावर जाऊ नकोस

ठिबकवाल्याला बोलवायच्या आधी एक काम उरक, पोरा: जमीन तासाला किती पाणी पिते ते मोज. रंगाचा रिकामा डबा घे आणि त्याची दोन्ही तोंडं काप. वर फळी ठेवून हातोड्याने चार बोटं जमिनीत ठोक. आत गोणपाटाचा तुकडा टाकून त्यावर पाणी ओत, म्हणजे माती ढवळत नाही. पट्टी उभी कर आणि घड्याळ लाव.

पहिलं पाणी फसवं. आपली काळी उन्हाळ्यात भेगाळलेली असते, घटाघटा पिते. मग फुगते, भेगा मिटतात आणि पट्टीवरचं पाणी हलता हलत नाही. ओतत राहा, घट सारखी येऊ लागली की तो आकडा वहीत उतरव. भारी चिकणमातीत तो तासाला १ ते ५ मिलिमीटर येतो, पोयट्यात १० ते २०, वाळूसरीत ३० च्या वर. डब्याखाली पाणी आडवंही सरकतं, म्हणून जाणकार एकात एक दोन कडी ठोकतात, आतलं ३० सेंटिमीटरचं, बाहेरचं ६० चं, आणि मोजतात फक्त आतलं. आपल्याला अंदाज हवाय, डबा पुरे. पण बांधाजवळ, मधोमध आणि ट्रॅक्टर वळतो तिथे, तिन्हीकडे मोज. वळणावर आकडा पडला तर माती चेपलीय. सबसॉयलर चालव, तोही जमीन कोरडी असताना. ओलीत चालवलास तर डिझेल फुकट.

आता तुषार संच तासाला ८ मिलिमीटर फेकतोय आणि जमीन ४ च पितेय, तर निम्मं पाणी बांधाबाहेर, वर माती घेऊन. नोझल बारीक घे. ठिबकचंही तेच: काळीत ओल आडवी पसरते, ताशी २ लिटरचा ड्रिपर लांब लांब चालतो. मुरमाडात पाणी सरळ खाली जातं. तिथे ड्रिपर जवळ, पाणी थोडं आणि रोज, नाहीतर युरिया मुळांखाली गेलाच म्हणून समज. एकरावर १ मिलिमीटर म्हणजे साधारण ४,००० लिटर, मोटारीचा हिशेब त्यावरून बसव.

शेततळ्याला मात्र डबा चालायचा नाही. तळ जिथे येणार तिथवर खड्डा घे, भर, मुरू दे, पुन्हा भर आणि सकाळी बघ. भराभर उतरलं तर तळात अंथरायच्या प्लास्टिक कागदाचा खर्च आला. तीच जागा विहिरीजवळ असेल तर तळ्याचा नाद सोड, पुनर्भरणाचा खड्डा कर: खाली दगड, मग खडी, वर वाळू. ही वरची वाळू दर मृगाआधी काढून धुवायची. गाळाने आधी तीच तुंबते.