गरोदरपणात बदलणारा तीळ : घाबरू नका, पण थांबूही नका

सख्यांनो, दिवस गेले की अंगावर बरेच बदल होतात. चेहऱ्यावर वांग येतो, पोटावर काळी रेघ उमटते, पोट ताणलं की तिथला जुना तीळही मोठा दिसतो. हे बहुतेक वेळा साधंच असतं. पण त्यामुळेच एखादा धोक्याचा तीळही "बाळंतपण झालं की बघू" म्हणून राहून जातो.

मेलानोमा हा त्वचेचा कॅन्सर आपल्याकडे क्वचित होतो, पण वेळीच काढला नाही तर अंगात पसरतो. आपल्या लोकांत तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली दिसतो. रानात, ऊसतोडीत राबणाऱ्या बाईला तो मोडलेला काटा किंवा कुरूप वाटतो. मग त्यावर बिब्बा लावला जातो आणि महिने निघून जातात.

गरोदरपणामुळे हा आजार बळावतो का? पूर्वी तसं मानत. काही अभ्यास आजही तसं सांगतात. पण बहुतेक अभ्यासांत दिसलं, की आजार एकाच टप्प्यावर सापडला तर गरोदर बाई आणि इतर बायका यांच्या बरं होण्यात फारसा फरक नसतो. खरं नुकसान होतं ते उशिरामुळे. आजार कातडीत जितका खोल, तितका धोका जास्त.

हे दिसलं तर लगेच दाखवा :
- तिळाच्या दोन बाजू सारख्या नाहीत, कडा वेड्यावाकड्या
- एकाच तिळात दोन-तीन रंग
- तीळ वाढतोय, खाजतोय, रक्त येतंय
- नखाखाली काळा पट्टा, तो रुंद होतोय
- तळपायाची जखम महिनाभरात भरत नाही

जागा बधिर करून तीळ काढणं आणि तपासणीला पाठवणं गरोदरपणातही करता येतं. आजार निघाला म्हणजे गर्भ पाडावाच लागतो, असं नाही. पसरलेल्या आजाराची काही औषधं मात्र बाळाला बाधतात. तो निर्णय डॉक्टरांसोबत बसून घ्यायचा.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. तेव्हा तीळही दाखवा. पुढची तपासणी लागली तर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळ आहे. तोडीला जायचं असेल, तर निघण्याआधीच दाखवून घ्या.

बैठकीत करा : आपल्या गटात कोण गरोदर आहे? तिचे तळपाय आणि नखं उजेडात बघा. काही वेगळं दिसलं तर आशाताईंना सांगा, आणि तिच्यासोबत एकीने दवाखान्यात जा.